यंत्र घ्यावें कीं न घ्यावें?

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचा निकाल लागावयास होळी उजाडली. प्रश्न दिसावयास अगदीं क्षुल्लक. परंतु त्याचा माग काढतां काढतां मी अशा ठिकाणीं येऊन पोंचलों कीं, तेथें आम्हां घरांतल्या सर्व पुरुषांना खालीं मान घालावी लागली. ही हकीकत वाचकांस सांगावी असें मला वाटतें. कारण हा प्रश्न आज ना उद्यां पुष्कळांच्या घरीं येणार आहे.

झालें तें असें. पुण्यास नोकरीस असलेला माझा पुतण्या सुटीवर हिंगोलीस आला होता. पाडव्याच्या दिवशीं जेवणें आटोपून आम्ही सारीं बैठकींत बसलों असतां त्यानें आपल्या मोबाइलवर एका यंत्राचें चित्र आम्हांस दाखविलें. यंत्र एखाद्या चपट्या पेटीसारखें, काळेंभोर, पुढें एक वाटोळी कळ. "काका, हा हाय-रेझोल्यूशन प्लेअर. गवई समोर बसून गातो आहे असें वाटावें, इतकें स्वच्छ ऐकूं येतें," तो म्हणाला. किंमत विचारली. ८५ हजार रुपये! बैठकींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. माझ्या धाकट्या सुनेच्या तोंडून तेवढें "अगबाई!" निघून गेलें, पण तें सर्वांच्याच मनांतलें होतें.

पैसे तो आपल्या पगारांतून देणार होता. तरी आमच्याकडे रीत अशी आहे कीं, जी वस्तु सर्वांच्या बैठकींत यावयाची ती सर्वांच्या विचारानेंच घ्यावी. मग पैसा कोणाच्या का खिशांतला असेना. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. वसमतकडे थोडी जमीन आहे, तीवर हळद होते. आणि जमाखर्चाची वही माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, ते आज चाळीस वर्षें ठेवीत आले आहेत. दादांनीं चष्मा कपाळावर चढवून मजकडे पाहिलें. "तूं मास्तर. गाण्यांतलेंही तुला थोडें कळतें. हवे तितके दिवस घे, नीट तपास कर आणि सांग. तूं सांगशील तसें करूं."

हो म्हणण्यास अडचण होती तशी नाहीं म्हणण्यासही होती. आमचे वडील, नाना, नारदीय कीर्तन करीत. नर्सीस नामदेवांच्या यात्रेंत, औंढ्यास महाशिवरात्रीला आणि आमच्या घरीं चैत्रांतल्या रामाच्या नवरात्रांत त्यांचें कीर्तन होत असे. १९९२ सालीं ते गेले. त्यांच्या कीर्तनांच्या ११ कॅसेटी एका पत्र्याच्या पेटींत ठेवलेल्या आहेत. "नानांचीं कीर्तनें आपण या यंत्रावर ऐकूं," असें पुतण्या म्हणाला, तेव्हां तें यंत्र चैनीच्या सदरांतून निघून एकदम पितृभक्तीच्या सदरांत जाऊन बसलें! आतां त्याला नको म्हणणें म्हणजे जणूं नानांनाच नको म्हणणें. एखाद्या चतुर दुकानदारासही असा डाव सुचला नसता. आणि पुतण्याच्या मनांत तर डाव नव्हताच, खरी माया होती.

तेव्हां मी शाळेंतल्या मुलासारखा अभ्यासास बसलों. मॅट्रिकपुढें माझें शिक्षण झालें तें संस्कृत पाठशाळेंत; पदार्थविज्ञानाशीं माझा परिचय बेताचाच. परंतु हिशेब मला येतो, आणि या विषयांत समजून घेण्यासारखा भाग पुष्कळसा हिशेबाचाच आहे.

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. तें अंकांत साठवावयाचें तर दर सेकंदास हजारों वेळां त्याची उंची मोजून ती लिहून ठेवावी लागते. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. तिच्यांत सेकंदास ४४,१०० मोजण्या असतात आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिलेली असते. शास्त्राचा नियम असा कीं, सेकंदास जितक्या मोजण्या, त्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनि त्यांतून पुन्हां उभा करतां येतो. म्हणजे डिस्कवर जवळ जवळ २२ हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि मावतो. माणसाचा कान, तोही तरुण आणि निरोगी, फार तर २० हजारांपर्यंत ऐकतो. साठी उलटल्यावर १०-१२ हजारांच्या पुढचें बहुतेकांस ऐकूं येत नाहीं. आतां या नव्या यंत्रांत सेकंदास ९६ हजार किंवा १ लक्ष ९२ हजार मोजण्या, आणि प्रत्येकीस २४ बिट. मीं गुणाकार करून पाहिला. दोन्ही कानांचे मिळून डिस्कला सेकंदास १४,११,२०० बिट लागतात, तर या वरच्या प्रतीला ९२,१६,०००. म्हणजे साडेसहा पट! जाहिरातींत मिरविली जाते ती ही साडेसहा पट. परंतु शेरभर धान्य पायलींत ओतलें म्हणून तें पायलीभर होत नाहीं. माप मोठें झालें तरी रास तेवढीच राहते.

वादापेक्षां परीक्षा बरी, असें मी आयुष्यभर मुलांस सांगत आलों. नाताळच्या सुटींत पुतण्यानें आपल्या एका मित्राचें तसलें यंत्र चार दिवसांपुरतें मागून आणलें. माझ्या मुलानें तें व आमचें जुनें साधें यंत्र अशीं दोन्ही पडद्याआड ठेवलीं. एकच गाणें दोन्हींवर, आवाज दोन्हींचा मोजून अगदीं सारखा. कारण जें किंचित् मोठें वाजतें तेंच कानाला गोड लागतें, असा मनुष्यस्वभाव आहे. कोणतें आधीं वाजवावयाचें तें नाणें उडवून ठरवावयाचें. अशा २० फेऱ्या. प्रत्येकाच्या हातीं कागद. महाग यंत्र पहिलें कीं दुसरें, एवढेंच लिहावयाचें. नुसता अंदाज ठोकला तरी २० पैकीं १० गुण मिळावयाचेच.

निकाल असा लागला: पुतण्यास ११, मला ९, दादांना ८, आणि गाणें शिकत असलेल्या माझ्या चौदा वर्षांच्या नातीला १२. वहिनींनीं, म्हणजे दादांच्या पत्नीनें व पुतण्याच्या आईनें, वीसही ठिकाणीं "सारखें" एवढाच शब्द लिहिला होता. "वहिनी, पहिलें किंवा दुसरें असें लिहावयाचें होतें," मी म्हणालों. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मीं तेंच पुन्हां मोठ्यानें सांगितलें. "भावोजी, मला दोन्ही सारखींच वाटलीं. मग खोटें कशाला लिहूं?" सर्वजण हंसले. प्रामाणिकपणाबद्दल मीं त्यांना पैकींच्या पैकीं गुण दिले, आणि मीही हंसलों. तें हंसणें पुढें मला फार लागलें.

आमच्या बैठकींत दिसलें तेंच मोठ्या परीक्षांतही दिसून आलें आहे. अमेरिकेंत मेयर व मोरन या दोघांनीं २००७ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ५५४ फेऱ्यांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. म्हणजे निम्म्यालाही एक कमीच! २०१६ सालीं लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील जोशुआ रीस यांनीं असे १८ प्रयोग एकत्र करून, बारा हजारांवर फेऱ्यांचा हिशेब मांडला. तेथें बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२ च्या आसपास आलें, आणि ज्यांचे कान त्या कामीं तयार केलेले होते त्यांचें त्याहून कांहींसें अधिक. तेव्हां फरक मुळींच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. पण तो इतका सूक्ष्म आहे कीं, शोधावयास बसलें तरच क्वचित् सांपडावा.

पुतण्याच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. त्याचें म्हणणें असें कीं, महाग प्रतीचीं कांहीं गाणीं त्याला खरोखरच अधिक चांगलीं वाटतात. तें खोटें नाहीं. कंपन्या अशा प्रती काढतांना कित्येकदां मूळ फितीवरून अधिक काळजीनें नवी प्रत तयार करतात. ती सरस वाटते. पण तें श्रेय काळजीचें आहे, आंकड्यांचें नव्हे. त्याच काळजीनें केलेली साधी डिस्कही तितकीच गोड वाजते. दुसरी गोष्ट, ध्वनि प्रथम मुद्रित करतांना किंवा जुन्या फितीवरून उतरून घेतांना हे जास्त बिट व जास्त मोजण्या फार उपयोगीं पडतात. आवाज किती चढेल याचा तेव्हां नेम नसतो, आणि पुढें साफसफाई करावयाची तर हात फिरवावयास जागा लागते. शेवया करतांना परात मोठी लागते. खातांना वाटी पुरते. ही दुसरी गोष्ट मीं मनाशीं टिपून ठेवली.

मग आमच्या घरीं ऐकलें जातें तें काय, याची मीं यादी केली. अब्दुल करीमखां, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर. यांचें बहुतेक उत्तम गाणें मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवरचें. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें. १९२५ च्या पूर्वीं तर विजेचा ध्वनिग्राहकही नव्हता; गवई कर्ण्यांत तोंड घालून गात. त्या तबकडीनें जें धरलें त्याच्या पलीकडचें आज कोणतेंही यंत्र देऊं शकत नाहीं. आणि तरीही, गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशांत पाठविली. तांब्याची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, मिनिटास अवघे १६⅔ फेरे! दुसरें यान निघाल्यावर अकराव्या दिवशीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई निवर्तल्या. तें यान आज पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. अखिल मानवजातीची ओळख म्हणून जें निवडलें गेलें, तें मुद्रणाच्या बारकाव्याकरितां निवडलें गेलें नाहीं. गळ्याकरितां निवडलें गेलें.

एवढ्यावर निकाल द्यावयास हरकत नव्हती. पण दादांनीं तपास करावयास सांगितलें होतें, आणि अर्धा तपास हा तपास नव्हे. विहिरींतून निघालेलें पाणी पाटानें वाफ्यापर्यंत जावयाचें असतें. वाफा कोरडा राहिला तर शहाणा शेतकरी आधीं पाट धरून चालत जातो. जेथें फुटला असेल तेथें माती लावतो. विहीर खोल करून वाफा भिजत नाहीं. तेव्हां गाण्याचा पाट धरून मी चालूं लागलों: गळा, फीत, यंत्र, आवाजाच्या पेट्या, बैठक, कान.

फितीपाशीं पहिली फूट सांपडली. पत्र्याची पेटी उघडली तों तीन कॅसेटींवर पांढरी बुरशी! मराठवाड्याचा उन्हाळा आणि पावसाळ्याची दमट हवा, दोन्ही त्यांनीं तीस-पस्तीस वर्षें सोसलीं होतीं. कॅसेटींतली फीत मुळांतच चिंचोळी, आणि चालते सेकंदास पांच सेंटिमीटरांहूनही कमी. तिनें धरलेलें आधींच थोडें, आणि तेंही वर्षानुवर्षें झिजत चाललेलें. आम्ही मात्र ती वाजवावयाच्या यंत्राचा विचार करीत बसलों होतों.

दुसरी फूट बैठकींत. आमच्या आवाजाच्या पेट्या कपाटाच्या माथ्यावर, छताला तोंड करून. डोक्यावर पंखा घरघरत असलेला. डिस्कच्या १६ बिटांत अतिशय हळू व अतिशय मोठा यांमधील अंतर ९६ डेसिबलांचें मावतें. पण पंख्याच्या आवाजाखालचें सारें बुडून जातें, मग त्याला बिट कितीही असोत. पेट्या खालीं उतरवून कानाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर पुढें ठेवल्या आणि पंखा बंद केला. हा फरक मात्र नाणें न उडवितां सर्वांस कळला. खर्च शून्य.

राहिला कान. त्या रात्रीं मी मोठ्या हौसेनें हा पाटाचा दृष्टान्त पत्नीस समजावून सांगत होतों. ती अंथरुणें घालीत होती. तिनें न थांबतां विचारलें, "मग वहिनींच्या कानांचें काय?"

"काय म्हणजे?"

"कुकरच्या शिट्ट्या त्यांना दोन वर्षें धड ऐकूं येत नाहींत. मी मोजतें आणि सांगतें. दूधवाला हांक मारतो तरी त्यांना कळत नाहीं. फोनवर काय बोलतात ऐकलें आहे का कधीं? 'हो, हो, सगळें बरें आहे.' समोरचा कांहीं का विचारीना."

"मग हें कोणी बोललें कसें नाहीं?"

"कोणी विचारलें कसें नाहीं?" ती म्हणाली आणि दिवा मालवला.

मला झोंप आली नाहीं. वीसही ठिकाणीं "सारखें" लिहिलेला तो कागद माझ्या डोळ्यांपुढें येत राहिला. ज्या घरांत पंधरा दिवस ध्वनीच्या सूक्ष्म छटांवर वाद चालला होता, त्याच घरांत एक माणूस कोपऱ्यांत बसून, कांहींएक न समजतां, आम्ही हंसलों कीं हंसत होतें.

दुसऱ्या दिवशीं दादांस सांगितलें. ते पुष्कळ वेळ वही उघडून बसून राहिले, लिहिलें कांहींच नाहीं. त्या आठवड्यांत आम्ही वहिनींना नांदेडास नेऊन कानांची तपासणी करविली. तपासणीचा आलेख मला दाखविण्यांत आला. खालच्या स्वरांकडे रेघ बरीच वर होती. उंच कंपनांकडे जातां जातां ती घाट उतरावा तशी खालीं गेलेली. उतारवयांत कान बहुधा असेच जातात, असें सांगण्यांत आलें. आधीं उंच कंपनें जातात; म्हणून माणसाला बोलणें ऐकूं येतें, पण समजत नाहीं. पाणिनीचें व्याकरण शिकण्यांत माझीं वर्षें गेलीं; परंतु अच् आणि हल् यांचा हा अर्थ मला तेथें प्रथम कळला. स्वर जाड व भरीव, ते पोंचतात. व्यंजनें बारीक, तीं गळून पडतात. त्यांतही श, ष, स हे ऊष्म वर्ण सर्वांत उंच कंपनांचे; ते सर्वांच्या आधीं जातात. म्हणजे वहिनींना आमचें सारें बोलणें गेलीं कित्येक वर्षें केवळ स्वरांच्या ओळी म्हणून ऐकूं येत होतें, आणि त्यांत व्यंजनें त्या आपल्या अंदाजानें भरीत होत्या! "गाणें ऐकूं येतें, भावोजी. कथा कळत नाहीं," असें त्या परततांना गाडींत म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, विचारलें म्हणून.

मीं पुतण्यास दूरध्वनीवरून सर्व सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, मी दर रविवारीं फोन करतों." पुढें त्याला बोलवेना. मीं त्याला दोष दिला नाहीं. तो पुण्यास होता. आम्ही तर एका पंगतीस जेवत होतों.

ही उणीव केवळ गैरसोयीची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें जगांत दीडशें कोटींहून अधिक माणसांना कमीअधिक बहिरेपण आहे. आणि वैद्यकशास्त्रांतील तज्ज्ञांच्या लॅन्सेट मंडळानें उतारवयांतील स्मृतिभ्रंशाच्या ज्या टाळतां येण्याजोग्या कारणांची यादी केली आहे, तींत ऐकूं न येणें हें एक आहे. चष्मा लागला तर आपण त्याच आठवड्यांत करून आणतों. कानाला मात्र "वय झालें" एवढेंच औषध देतों.

मग मीं दादांपुढें निकाल ठेवला. ८५ हजार हा आंकडा पुतण्यानें मनाशीं धरलाच होता. तो तसाच राहूं द्यावा, पण फूट जेथें आहे तेथें माती लावावी. अकराही कॅसेटी पुण्यास एका जाणकाराकडून साफ करून अंकांत उतरवून घ्याव्या, ६,५०० रुपये. आणि त्या मात्र ९६ हजार मोजण्यांच्या, २४ बिटांच्या उच्च प्रतींतच उतरवाव्या, कारण फीत पुन्हां वाजेल याचा भरंवसा नाहीं, आणि जतन करतांना परात मोठीच हवी. वहिनींच्या दोन्ही कानांस श्रवणयंत्रें, ६२,००० रुपये. एक साधें बरेंसें प्लेअर, १२,००० रुपये. एकूण ८०,५००. शिल्लक ४,५००.

वहिनींनीं कडकडून विरोध केला. "माझ्या कानांवर एवढे पैसे? आतां या वयांत ऐकून मला काय करायचें आहे?" दादांनीं वहीवरून मान वर केली नाहीं. "लिहून झालें आहे," ते म्हणाले, "माझ्या वहींत खाडाखोड होत नसते." चाळीस वर्षांत आपल्या बायकोविषयीं ते चारचौघांत याहून अधिक कांहीं बोलल्याचें मला आठवत नाहीं.

श्रवणयंत्र कानांत घातलें कीं दुसऱ्या क्षणीं सर्व सुरळीत होतें, अशी कोणी समजूत करून घेऊं नये. पहिले पंधरा दिवस वहिनी त्रासून गेल्या. भांड्यांचा आवाज कानांत टोंचे, स्वतःचें चावणें मोठें वाटे. चार वेळां यंत्र काढून डबींत ठेवलें. चार वेळां माझ्या नातीनें तें लाडीगोडीनें पुन्हां घातलें. विसरलेले आवाज मेंदूला पुन्हां ओळखावे लागतात. त्यास आठवडे लागतात. महिन्यानें एके सकाळीं त्या स्वयंपाकघरांतून माझ्या पत्नीला म्हणाल्या, "तीन झाल्या ग, बंद कर."

तर वाचकहो, ज्याचे कान तरुण आहेत, बैठक शांत आहे, आवाजाच्या पेट्या उत्तम आहेत, घरांत दुसरी फूट कोठें नाहीं आणि गांठीं पैसा मोकळा आहे, त्यानें तें ८५ हजारांचें यंत्र अवश्य घ्यावें. हौसेला मोल नसतें, आणि त्यांत पापही नाहीं. पण त्यानें आधीं पाट धरून शेवटपर्यंत चालत जावें, आणि त्या पाटाच्या टोंकाला कोण बसलें आहे तें पाहावें. आमच्या औंढ्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. देवळासमोर नामदेवांस कीर्तन करूं दिलें नाहीं, तेव्हां ते मागच्या बाजूस जाऊन गाऊं लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें. लहानपणीं मी हा गाणाराचा महिमा म्हणून ऐकत आलों. आतां मला त्यांत ऐकणाराचाही महिमा दिसतो. गाणारा जेथें होता तेथेंच होता; वळावें लागलें तें देवाला.

होळीला पुतण्या आला. फिती उतरवून आल्या होत्या. रात्रीं पेट्या नीट मांडून, पंखा बंद करून आम्ही नानांचें कीर्तन लावलें. १९८८ च्या चैत्रांतलें, आमच्याच माजघरांतलें. पूर्वरंग संपत आला होता. नाना क्षणभर थांबले, आणि मागें कांहींसा खणकन् आवाज झाला. आम्हां कोणाचें तिकडे लक्ष गेलें नाहीं.

"तो तांब्या," वहिनी म्हणाल्या. "मामंजींना पूर्वरंगानंतर पाणी लागे. मींच नेऊन ठेवला होता."

नाना पुन्हां बोलूं लागले. सीतास्वयंवराचें आख्यान लावीत असतांना एक तान्हें मूल रडावयास लागलें. रडणें वाढलें, मग दूर दूर जाऊन बंद झालें. वहिनींनीं पुतण्याकडे बोट दाखविलें.

"हा रडतो आहे तो हा. चार महिन्यांचा होता. याला घेऊन मी आंत गेलें ती पुन्हां बाहेर आलेंच नाहीं. पुढची कथा माझी ऐकायची राहिली ती राहिलीच."

३७ वर्षें झालीं त्या गोष्टीला. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्या उठला, त्यानें रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, आवाज थोडा वाढविला, आणि येऊन आईच्या पायांशीं बसला. नानांचें आख्यान पुढें पाऊण तास चाललें होतें.